बायकांतला बुरखा

दस्तगीर ‘हो’ म्हणेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. तो ‘नाही’ म्हणणार, मग बशीर त्याच्याशी भांडणार आणि शेवटी आईनं मध्ये पडायचं, असं ज्यानं त्यानं मनाशी धरलेलं होतं. त्यासाठीच रहिमतबी बांगड्यांची टोपली विट्याजवळच्या गावी शेजारणीच्या ओट्यावर ठेवून सांगलीला आली होती. बशीरही, पलटणीतून सुटून दीड महिना झाला तरी सासुरवाडीला न जाता, भावाच्या घरी थांबला होता.

“घालू दे की बुरखा,” दस्तगीर म्हणाला. “घालू दे, आन् मडमांच्या म्होरं काढू दे. माजी काय आडकाठी न्हाई.”

हळदीच्या पेठेत वखारीमागं दस्तगीरचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथली जमीन, उंबरा, पाण्याच्या घागरीची कड, सगळंच पिवळसर असायचं. माणसं बसली की त्यांच्या पाठीला भिंतीचा रंग लागायचा. बशीर भिंतीला टेकला होता तो सरळ झाला.

“काय म्हनलास भाई? पुन्यांदा बोल.”

“आयकलंस ते आयकलंस.”

बहिणीनं, जरिनानं, आईकडं पाहिलं. रहिमतबीनं खाली पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत आनंद होता आणि त्याच्याकडं बघायचं बळ तिला होत नव्हतं.

गोष्ट अशी झाली होती. जरिना साताऱ्याला मावशीकडं राहून सातवी झाली. मणेरांच्या, बांगड्या विकणाऱ्यांच्या, घरात मुलगी सातवी होणं त्या काळी नवलच होतं. तिला दवाखान्यात नर्सचं शिकायचं होतं. सांगलीत नदीकडच्या बाजूला मिशनचा बायकांचा दवाखाना होता आणि तिथल्या कार्वरबाई तीस वर्षं या भागात राहून पोथीतल्यासारखं मराठी बोलत. जरिना त्यांना भेटायला गेली. बाईंनी विचारलं, “तुमच्या कुटुंबातील स्त्रिया पडदा पाळतात काय?” जरिना म्हणाली, “भाबी बुरखा घालती.” ते अगदी खरं होतं. पण बाईंनी पुढं आपल्या मनानं तिच्याही डोक्यावर बुरखा घातला, आणि जरिना गप्प बसली. कारण विलायतेतल्या बायकांच्या एका मंडळानं तिथं एक जागा ठेवलेली होती, जेवणखाण, कपडे आणि पुस्तकांसकट, आणि ती पडद्यातून बाहेर येणाऱ्या मुसलमान मुलीसाठीच होती. त्या मंडळाची एक बाई या आठवड्यात सांगलीत आली होती. ती घरी येऊन मुलीला भेटणार होती आणि फोटो काढणार होती. आधी बुरख्यातला, मग बुरखा काढतानाचा.

“आपल्यात बुरखा हुता कवा?” बशीर म्हणाला. “आम्मा उन्हातान्हात टोपली घिऊन हिंडली, त्यावर आपन वाढलो. तासगाव, विटा, पार खानापूरपातूर तिला कोन वळखत न्हाई?”

“मग बोंबलत फिर की पेठंत. मणेरणीची पोरं हाय म्हनून.”

“हायच की.”

“तू पलटनीत हुतास. मी हितं धंदा करतो.” दस्तगीर पुढं सरकला. त्याचा आवाज चढत नसे, तो नेहमी बाजारभाव सांगितल्यासारखा बोले. “फोटो निघंल. मिशनच्या छापील कागदात यील. हितली धा मानसं बघतील. काय दिसंल त्यात?”

“तुजी भैन परक्या मडमांम्होरं बुरखा काढती, ह्ये दिसंल.”

“काढायला आधी असावा लागतो, बशीर.”

बशीर हसायला लागला. “भले! म्हंजी बुरखा जाऊन पडदा यायचा म्हन की घरात.”

हसण्यावारी नेलं तरी दस्तगीरचं म्हणणं त्याच्यापुरतं सरळ होतं. गावाकडं मणेरांच्या बायका कुणब्यांच्या बायकांसारखंच लुगडं नेसत, डोक्यावर पदर घेत आणि उघड्या तोंडानं रानात, बाजारात, कामाला जात. बुरखा ही शहरातल्या खात्यापित्या घरांची गोष्ट. दस्तगीरनं दलालीत जम बसवला, मिरजेकडच्या बऱ्या घरची खुर्शीद केली आणि तिच्याबरोबर घरात दोन बुरखे आले. एक काळा, तिचा रोजचा. दुसरा पांढरा, डोळ्यांपुढं जाळी विणलेला, तिच्या आईचा. त्या दोन बुरख्यांवर दस्तगीरची पेठेतली पत केवढी वाढली, हे दस्तगीरच जाणे.

“माजा बुरखा मी देनार न्हाई.” खुर्शीद आतल्या दारात उभी होती. दिरासमोर ती मोठ्यानं बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

“का बरं?” दस्तगीरनं विचारलं.

“माज्या अब्बांनी दिल्याला हाय. खेळ करून दाखवायला दिल्याला न्हाई.”

“खेळ कसला त्यात? पोरीचं भलं हुतंय.”

“भाबी,” जरिना म्हणाली, “दोन मिंटं घालीन आन् काढीन. त्यानं काय झिजनार हाय का त्यो?”

“कापड झिजत न्हाई गं,” खुर्शीद म्हणाली. नवऱ्यानं ‘दे’ म्हटल्यावर बुरखा निघणारच होता.

मग दस्तगीरला आणखी एक गोष्ट सुचली. लेक बुरख्यात आणि आई उघडी, हे कसं दिसायचं? आम्मानंही पांढरा घालायला पाहिजे. तो हे आईकडं न बघता बोलला, आणि त्यावरून रहिमतबीला कळलं की आपण काय मागतोय ते त्यालाही कळतंय.

“जन्मात कदी न्हाई घातला,” ती म्हणाली.

“एका दुपारचं काम हाय आम्मा.”

नवरा गेला तेव्हा दस्तगीर आठ वर्षांचा, बशीर पाचांचा आणि जरिना पोटात. तेव्हा ज्या तोंडानं ती दारोदार ‘बांगड्या घ्या बांगड्या’ म्हणत गेली, ते तोंड आता फोटोत असणार नव्हतं. असेना का. तोंडाला काय करायचंय? पण त्या फोटोत तिच्याजागी दुसरीच एक बाई बसणार होती, जन्मभर कोंडलेली, आणि बघणारी माणसं म्हणणार होती की ही जरिनाची आई. पत्री सरकारच्या धामधुमीतही तिची टोपली कुणी अडवली नव्हती. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं लेकीकडं पाहिलं.

“पोरीला पायजे तर होऊ द्या,” ती म्हणाली.

बशीर उठला. “लढाईत मिसर देशात मी लय बुरखं बघितलं,” तो म्हणाला, “पन जागा मिळवायला घाटल्याला बुरखा हितंच बघतोय.” आणि पायात वहाणा सरकवून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सुना स्वयंपाकघरात होत्या. रेशनची साखर पाहुण्यांसाठी वेगळी काढली होती, घरच्यांचा चहा गुळाचा. खुर्शीदनं पांढरा बुरखा उलगडला. त्याला कापराचा वास येत होता. तिनं सासूच्या डोक्यावर टोपी बसवली, चुण्या सारख्या केल्या आणि दोन पावलं मागं सरून बघितलं.

“दिसतंय का आम्मा?”

“चाळनीतनं बघितल्यागत दिसतंय. चुलीकडं जाऊ नगं म्हंजी झालं.”

खुर्शीदला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी दोघींत मोकळेपणा नव्हता. पहिल्याच वर्षी खुर्शीदनं सासूला सांगितलं होतं की सांगलीला येताना टोपली आणत जाऊ नका. तेव्हापासून रहिमतबी टोपली आणत नसे आणि फारशी येतही नसे.

“एक इचारू?” खुर्शीद म्हणाली. “सगळ्या बायकाच की वं हितं. मडमा बायका, आपन बायका. हे दोगं भाऊ वखारीत बसनार. मग बायकांच्यात बुरखा कोन घालतं? आपल्याच घरात, चटईवर बसून?”

रहिमतबीनं जाळीतून तिच्याकडं पाहिलं. इतकी साधी गोष्ट कालपासून कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बुरखा परक्या पुरुषासाठी. बायकांच्या घोळक्यात तो घालून बसणं म्हणजे घरात छत्री उघडून बसणं.

“पावनीला काय ठावं?” ती म्हणाली.

“कार्वरबाईंना तर ठावं आसंल. आमच्यासारख्या किती बायका त्यांच्या दवाखान्यात जात्यात. आत गेलं की पयला बुरखा खुटीला.”

“आसंल ठावं.”

“मग?”

“मग काय. त्यांनाबी दवाखाना चालवायचाय.”

टांगा वाजला. जरिना काळ्या बुरख्यात चटईवर जाऊन बसली. रहिमतबी तिच्या शेजारी बसली आणि हात कुठं ठेवायचे ते न कळून तिनं ते मांडीवर एकावर एक ठेवले.

कार्वरबाई आत आल्या, सुटीच्या दिवशीही पांढऱ्या कपड्यांत. दोघी बुरखेवाल्यांना बघून त्या दारातच क्षणभर थांबल्या. त्यांची नजर जमिनीकडं गेली आणि परत वर आली. “आपले क्षेम आहे ना?” त्यांनी विचारलं. त्यांच्यामागून आली ती पाहुणी, लँगबाई. उंच, साठीची, पाठ ताठ, आणि डोक्यावरच्या टोपीला काळी जाळी लावलेली. ती जाळी कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरत होती.

“ह्यांच्याबी टोपीला जाळी हाय की,” जरिना बुरख्यातून कुजबुजली.

“गप,” रहिमतबी म्हणाली.

लँगबाई खुर्चीवर बसली नाही. ती सरळ चटईवर, त्या दोघींच्या समोर, पाय एका बाजूला दुमडून बसली. तिला ते सोपं गेलं नाही, पण ती बसली. रहिमतबीला ते आवडलं. मग लँगबाई बोलू लागली आणि कार्वरबाई ते मराठीत सांगू लागल्या.

“त्या म्हणतात की, मला तुमच्या दुःखाची जाणीव आहे. मी तरुण होते तेव्हा आमच्या देशात स्त्रियांना मत देण्याचा अधिकार नव्हता. आम्ही रस्त्यावर उतरलो. मला तुरुंगात टाकले.”

बुरख्याच्या आत रहिमतबीनं मान वर केली. बाई माणूस, मोठ्या घरची, तुरुंगात गेलेली. “तिथं खायाला काय देत हुते, इचारा की,” ती म्हणाली.

जाळीतून आवाज आल्यावर लँगबाई चमकली, जणू पलीकडं कुणी आहे हे तिला आत्ताच कळलं. ती वाकली आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं बोलली. कार्वरबाईंनी शांतपणे सांगितलं, “त्यांनी अन्न नाकारले. तेव्हा चौघांनी धरून नाकातून नळी घालून त्यांना पाजण्यात आले. अनेक वेळा.”

“या अल्ला,” रहिमतबी म्हणाली.

“ते म्हणत की, हे तुमच्याच कल्याणासाठी आहे.”

रहिमतबीला वाटलं, हात पुढं करून त्या बाईच्या गुडघ्यावर ठेवावा. पण बुरख्यातून हात बाहेर कुठून काढायचा ते सापडेपर्यंत वेळ निघून गेली. खुर्शीद चहा घेऊन आली.

ती लुगड्यातच होती. डोक्यावरचा पदर कामाच्या घाईनं खांद्यावर आलेला, तोंड उघडं, नाकात चमकी. बायकांत लपायचं काय? लँगबाईनं कप घेतला आणि तिच्याकडं बघतच राहिली. तिनं काहीतरी विचारलं. कार्वरबाईंनी उत्तर दिलं. लँगबाईचा चेहरा असा उजळला की रहिमतबीला जाळीतूनही ते दिसलं.

“त्या विचारतात,” कार्वरबाई सावकाश म्हणाल्या, “की तुम्ही पडदा केव्हा सोडलात?”

“सोडला?” खुर्शीद म्हणाली. “कुटं सोडला?”

जरिना बुरख्यात खोकली. कार्वरबाईंनी काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. त्या फार थोडं बोलल्या. लँगबाई मात्र पुष्कळ बोलली, खुर्शीदकडं हात करून, मग रहिमतबीकडं, मग परत खुर्शीदकडं.

“त्या म्हणतात, एकाच घरात तीन अवस्था पाहावयास मिळाल्या. आई अंधारात आहे. मुलगी उंबरठ्यावर आहे. सून प्रकाशात आली आहे. त्या म्हणतात, सुनेने सासूला समजावून सांगावे.”

“काय समजावून सांगू?” खुर्शीदनं विचारलं.

“मोकळेपणा.”

खुर्शीदनं पांढऱ्या बुरख्याकडं बघितलं. आतून काही हालचाल नव्हती. आत रहिमतबी वीस वर्षांत किती उंबरे ओलांडले असतील त्याचा विचार करत नव्हती. गरम होतंय, एवढाच विचार करत होती.

लँगबाईनं पिशवीतून कॅमेरा काढला. तो लहान होता, कातडी पेटीतला. आधी आई आणि मुलगी, दोघी बुरख्यात. खटका वाजला. मग ती उठली, खोलीत इकडून तिकडं फिरली आणि खिडकीतून उजेड कुठं पडतो ते बघितलं. तिनं रहिमतबीला खांद्याला धरून कोपऱ्यात बसवलं. जरिनाला मध्ये उभं केलं, हात बुरख्याच्या कडेला. आणि मग ती खुर्शीदचा हात धरून तिला उजेडात घेऊन आली.

“मला कशाला?” खुर्शीद म्हणाली. तिला वाटलं, काहीतरी धरायला उभं करतायत. तेवढ्यात लँगबाईनं हलक्या हातानं, लेकीचे केस सारखे करावेत तसा, तिचा पदर केसांवरून आणखी मागं सारला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

“बाई, माजा फोटो नगं,” खुर्शीद म्हणाली. “कार्वरबाई, सांगा की वं त्यान्ला. माजा नगं. त्यो पुरुसमान्सं बघतील. कुटंकुटं जाईल त्यो.”

कार्वरबाईंनी सांगितलं. लँगबाई हसून काहीतरी म्हणाली. ते हसणं वाईट नव्हतं. इंजेक्शनच्या आधी पोराला हसून दाखवतात तसं होतं.

“त्या म्हणतात, भिऊ नका. पहिल्या वेळी भीती वाटतेच.”

“भाबी, हुबी ऱ्हा की,” जरिना काळ्या कापडातून हलकेच म्हणाली. “एकच मिंट. माज्यासाठी.”

खुर्शीद उभी राहिली. पाहुणीचा हात झिडकारता येत नव्हता, नणंदेची जागा मोडता येत नव्हती. तिनं फक्त मान वळवली, आणि लँगबाईनं पुढं येऊन हनुवटीला बोट लावून ती परत सरळ केली.

मुलगा झाला आणि चार दिवसांत वारला, तेव्हाही रहिमतबीनं खुर्शीदचा चेहरा असा पाहिला नव्हता. तेव्हा ती रडत तरी होती.

कोपऱ्यातली पांढरी आकृती उठली. उठताना तिचा पाय काठात अडकला, तशी ती भिंतीला धरून सरळ झाली. तिनं दोन्ही हातांनी बुरखा वर ओढला. टोपी निघेना, अंबाड्यात गुंतली होती. रहिमतबीनं हिसका दिला. अंबाडा सुटला, पिकलेले केस खांद्यावर आले आणि उन्हानं रापलेलं, घामेजलेलं तिचं तोंड बाहेर आलं. दोन पावलांत ती खुर्शीदपाशी गेली आणि तो सगळा चुण्यांचा ढीग तिनं सुनेच्या डोक्यावरून खाली सोडला.

त्याच वेळी खटका वाजला.

लँगबाईनं कॅमेरा खाली घेतला. तिच्या तोंडावर राग नव्हता. भीती होती, घरात काही अघटित घडताना बघितल्यासारखी.

“सांगा त्यान्ला,” रहिमतबी कार्वरबाईंना म्हणाली. केस मागं सारत, दम खात ती बोलत होती. “पडदा हिचा हाय. आमचा न्हाई. मी मणेरीन हाय, वीस वर्सं गावोगाव बांगड्या भरती. माजी लेक साताऱ्याला उगड्या तोंडानं साळंत गेली. आमी तुमच्यासाठी बुरखा घाटला, जागा मिळावी म्हनून. आन् जिचा खरा हाय तिचं तोंड तुमी उगडं केलं. तिनं नगं म्हनलं तरी.”

कार्वरबाई चटईकडं बघत राहिल्या.

“सांगा की वं.”

त्यांनी सांगितलं. या वेळी जेवढं बोललं गेलं तेवढं त्यांनी सांगितलं, त्याला लागलेल्या वेळावरून ते कळलं. लँगबाई ऐकताना एकेकीकडं बघत गेली. मग तिनं कॅमेरा पेटीत ठेवला, पेटी पिशवीत ठेवली आणि मध्ये उभ्या असलेल्या काळ्या आकृतीला विचारलं, खरं का? हे मात्र जरिनाला भाषांतराशिवाय कळलं. तिनं बुरखा काढला. ज्यासाठी सगळी जमली होती ते झालं, पण तेव्हा कॅमेरा पिशवीत गेला होता.

“व्हय,” जरिना म्हणाली.

लँगबाई निघताना पांढऱ्या बुरख्यापुढं थांबली. काहीतरी हळू म्हणाली. कार्वरबाईंनी सांगितलं, “त्या क्षमा मागतात. परंतु त्या म्हणतात, मला अजूनही समजत नाही.”

“त्यान्ला म्हनावं, मलाबी समदं कुटं समजतंय?” बुरख्यातून खुर्शीद म्हणाली.

टांग्यात बसायच्या आधी कार्वरबाई एकट्याच परत दारात आल्या. मंडळाची जागा गेली, त्या म्हणाल्या. ज्यांनी पैसे दिले त्यांना खोटं सांगता येणार नाही. दवाखान्याची स्वतःची एक जागा आहे. तिथं पहिलं वर्ष भांडी, चादरी आणि फरशीचं काम, शिकणं नंतर. उद्या सकाळी नवी मुलगी घ्यायची आहे. घरातलं मोठं माणूस बरोबर पाहिजे, स्त्री चालेल. एवढं बोलून त्या रहिमतबीकडं बघत उभ्या राहिल्या.

“मला ठाऊक होते,” त्या म्हणाल्या. “बायकांत कोणी घालीत नाही.”

“व्हय,” रहिमतबी म्हणाली. “बसा टांग्यात, ऊन हाय.”

संध्याकाळी दस्तगीरनं सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, “ठीक हाय. जरिना उद्या आम्मासंगं गावी जाईल.”

“दवाखान्यातली जागा हाय की,” बशीर म्हणाला.

“फरशी पुसायची? पेठंत मला इचारतील, भैन काय करती? मी काय सांगू, लोकांची भांडी घासती?” मग त्यानं बशीरकडं नीट पाहिलं. “तुज्या लॉरीचं सोमवारी बोलायचंय मला शेटजींपाशी. ध्यानात हाय न्हवं?”

बशीर बोलायला गेला आणि थांबला. लॉरीवर ड्रायव्हर लागला तरच त्याला बायकोला घेऊन वेगळं राहता येणार होतं. तो भिंतीला टेकला. पाठीला पिवळं लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“मी जाईन पोरीसंगं,” रहिमतबी म्हणाली.

“तू नगं!” जरिना एकदम बोलली. दुपारपासून ती आईशी बोलली नव्हती. “तू आलीस की समदं खरं बोलशील. भाबीला झाकायला उठलीस. माज्यासाठी जरा बसून ऱ्हायला झालं न्हाई तुला?”

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या हातांनी एकीला झाकलं त्याच हातांनी दुसरीचं ताट ओढलं गेलं होतं, आणि परत तीच वेळ आली तर ते हात तेच करतील हेही रहिमतबीला ठाऊक होतं. ती उठून गावी न्यायचं गाठोडं बांधायला लागली. खुर्शीद दारात उभी राहून ते बघत होती.

सकाळी पेठ उघडली. दस्तगीर वखारीपुढं पोत्यावर बसला होता. समोर भाऊसो अडते आणि तासगावकडचे दोन शेतकरी हळकुंडं मोडून बघत होते. आतल्या खोलीत रहिमतबी गाठोड्याला शेवटची गाठ मारत होती. तेवढ्यात तिला पावलं ऐकू आली. तिनं वळून पाहिलं तर काळा बुरखा घातलेली खुर्शीद जरिनाच्या दंडाला धरून उभी होती. जरिना साध्या पातळात होती, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले.

“कुटं?” रहिमतबीनं विचारलं.

“घरातलं मोठं बाईमानूस पायजे म्हनल्यात,” खुर्शीद म्हणाली. “मी मोठी न्हवं का?”

“दस्तगीर हाय म्होरं. रस्ता त्याच्याम्होरनंच हाय.”

“व्हय. म्हनून तर हे घाटलंय.”

दोघी बाहेर पडल्या. रहिमतबी दारावरच्या गोणपाटाच्या पडद्याआड येऊन उभी राहिली. वखारीच्या तोंडाशी त्या पोचल्या तशी दस्तगीरची मान वर झाली. त्यानं बायकोला ओळखलं आणि बहिणीलाही. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. भर पेठेत, चार माणसांसमोर, पडद्यातल्या बाईला हाक मारायची नसते, तिचा हात धरायचा नसतो, तिच्याशी वाद घालायचा नसतो. ज्याच्या घरात पडदा असतो त्याला एवढं पाळावंच लागतं. बुरखा सावकाश, अजिबात घाई न करता, त्याच्यासमोरून गेला. मागोमाग जरिना गेली.

भाऊसोंनी अदबीनं नजर खाली घेतली. त्या लांब गेल्यावर मग विचारलं, “काय दस्तगीरभाई, मंडळी सकाळच्या पारी कुणीकडं?”

दस्तगीर पोत्याचा सुतळीचा टाका चाचपत राहिला. शेतकरीही उत्तरासाठी थांबले होते.

“दवाखान्यात,” तो म्हणाला.

“का हो? कोन आजारी?”

“न्हाई.” त्यानं रस्त्याच्या वळणाकडं पाहिलं. काळं कापड तेवढं अजून दिसत होतं. “भैन शिकतीया तितं. नर्सचं.”

“आसं! कदीपास्नं?”

पडद्याआड रहिमतबी पुढं वाकली.

“आजपास्नं,” दस्तगीर म्हणाला, आणि हळकुंड उचलून त्यानं ते कडकन मोडलं.